पहिल्या कढईआधी
वर्धा जिल्ह्यातल्या हळद उत्पादकांना, गिरणीवाल्यांना, दुकानदारांना आणि घराघरांतल्या आयाबायांना कळकळीचे आवाहन

संक्रांत झाली. समुद्रपूर तालुक्यात वावरावावरांत हळदीचा पाला पिवळा पडून आडवा झाला आहे. पंधरा-वीस दिवसांत पाला कापला जाईल, टिकास आणि कुदळी बाहेर निघतील, गड्डे उकरले जातील, माती झटकून जेठे आणि हळकुंडं वेगळी होतील आणि कढया चुलाणावर चढतील. हे आवाहन आजच करण्याचं कारण तेवढंच आहे. हळद एकदा शिजून, वाळून ढिगात मिसळली की त्यातलं एखादं हळकुंड उचलून ते कोणाच्या वावरातलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. जे सांगायचं ते त्याआधी सांगितलं पाहिजे.

माझी विनंती अशी आहे. यंदा कढईतून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याला नंबर द्या. तो कट्ट्यावर लावा, मोबाइलमध्ये नोंदवा, आणि गिरणी, पुडी, दुकान असा प्रवास करत हळद गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत तो नंबर वाटेत कुठेही पुसला जाऊ देऊ नका.

मी या जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या हळद-मसाला युनिटचं गोदाम आणि हिशेब सांभाळते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात नागपूरच्या एका दुकानदाराचा फोन आला. "ताई, तुमच्या पुडीतून कुबट वास येतोय. गिऱ्हाइकानं परत आणून दिली." मी बॅच नंबर विचारला. तो म्हणाला, "शून्य एक." दुसऱ्या दुकानात फोन केला, तिथेही शून्य एक. मग गोदामात जाऊन एकेक खोका उघडला. सगळीकडे शून्य एक. पुड्यांचा रोल छापायला दिला तेव्हा छापखान्यानं बॅच नंबर काय टाकू म्हणून विचारलं होतं, आणि आमच्यातल्याच कोणीतरी "टाका शून्य एक" असं सांगून टाकलं होतं. सहा महिने आम्ही जेवढी हळद दळली ती सगळी कागदोपत्री एकाच दिवशी, एकाच कट्ट्यातून दळलेली होती.

खराब माल नेमका कुठला हे कळेना, म्हणून सगळाच परत आणावा लागला. वर्ध्याहून, पुलगावहून, हिंगणघाटहून, नागपूरहून. त्यातली बहुतेक हळद चांगली होती. पण चांगली कुठली आणि वाईट कुठली हे सांगणारी एक ओळसुद्धा आमच्याकडे नव्हती. गटातल्या बाया ओट्यावर बसून पुड्या फोडत होत्या, एकेक हुंगत होत्या, आणि दुपारपर्यंत कोणाच्याच नाकाला काही कळेनासं झालं. संध्याकाळी एका मावशींना आठवलं. मार्चमधल्या अवकाळी पावसात वाळवणावरची थोडी हळद भिजली होती, ती गोळा करून दोन कट्ट्यांत भरली होती, उन्हं पडल्यावर पुन्हा पसरायची राहून गेली होती. ते कट्टे थप्पीत कुठे गेले, कधी दळले, कोणालाच माहीत नव्हतं. दोन कट्ट्यांपायी सहा महिन्यांची मेहनत परत आली. मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत. चूक त्यांची एकटीची नव्हती, आमच्या सगळ्यांची होती. भिजलेला कट्टा वेगळा ओळखू येईल अशी सोयच आम्ही केली नव्हती.

हे घरातलं उणं चारचौघांत सांगायला मला संकोच वाटतो. तरी सांगते, कारण जिल्ह्यातल्या अनेक छोट्या युनिटांत आजही असाच एखादा "शून्य एक" चालू असणार, अशी मला भीती आहे.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे आणि तो ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. पाकीटबंद मालावर बॅच किंवा लॉट नंबर छापणं बंधनकारक आहे. कलम २८ प्रमाणे आपला माल असुरक्षित आहे असं वाटलं तर तो बाजारातून परत बोलावण्याची जबाबदारी धंदा करणाऱ्याची आहे, आणि माल परत कसा बोलवायचा याचे सविस्तर नियम २०१७ साली आले. पण माल कुठून आला आणि कुठे गेला हे माहीतच नसेल तर तो परत बोलवणार तरी कसा? जगभरात अन्नाची मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानं २००६ साली यासाठी सोपं सूत्र मांडलं. प्रत्येकानं निदान एक पाऊल मागचं आणि एक पाऊल पुढचं सांगता आलं पाहिजे. माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला. साखळीतल्या प्रत्येकानं एवढं जपलं की पुडीपासून वावरापर्यंतचा माग आपोआप निघतो.

आपल्याकडे तर माग जपण्याचं आणखी मोठं कारण आहे. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही हळद गडद रंगाची, आणि तिच्यातलं कुरकुमिन सहा टक्क्यांच्या वर. ते वायगाव म्हणजे समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळद्या. गावाच्या नावातच हळद आहे. वर्धा तालुक्यात दुसरं वायगाव आहे, वायगाव निपाणी. परजिल्ह्यातल्या माणसाला हा फरक ठाऊक नसतो. त्याच्यासमोर पिवळी पूड असते आणि पुडीवर "वायगाव" अशी अक्षरं असतात. ती पूड खरंच इथली की दुसऱ्या कुठल्या बाजारातली हलकी हळद आणून इथल्या नावाच्या पिशवीत भरलेली, हे तो कसं ओळखणार? मानांकनाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असतं, ते पुडीबरोबर गिऱ्हाइकाकडे जात नाही. पुडीबरोबर जातो तो नंबर. त्या नंबरावरून गाव, शेतकरी आणि कढईची तारीख निघत असेल तर ती वायगाव हळद. निघत नसेल तर ते नुसतं छापलेलं नाव.

देवगडच्या आंबेवाल्यांनी हे ओळखलं. दुसरीकडचा आंबा देवगड हापूस म्हणून खपवला जातो, ही त्यांची जुनी तक्रार. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून फळावर वेगवेगळ्या नंबरचं स्टिकर लावायची पद्धत आणली. गिऱ्हाईक मोबाइलवरून त्या नंबरची खातरजमा करू शकतं. आंब्यासारख्या चार दिवसांत पिकून संपणाऱ्या फळाला हे जमतं, तर वर्ष-वर्ष टिकणाऱ्या हळकुंडाला न जमायला काय झालं?

द्राक्षवाल्यांचा अनुभव त्याहून जुना आणि कडू आहे. २००३ साली आपली द्राक्षं नेदरलँड्समध्ये कीटकनाशकांच्या अंशापायी अडली. त्यातून शहाणं होऊन अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेनं २००६ साली ग्रेपनेट सुरू केलं. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवलेली, बागेचा नमुना तपासलेला, आणि पेटीवरच्या नंबरावरून बागेपर्यंत पोचता येतं अशी व्यवस्था. शेतमालाचा असा संगणकी माग ठेवण्याचं देशातलं हे पहिलं मोठं काम नाशिक-सांगलीच्या बागांत उभं राहिलं. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचं लिहोसीन, युरोपच्या तपासणीत सापडलं आणि माल पुन्हा अडकला. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. यातून मी एक गोष्ट शिकले. नोंद असली म्हणजे माल शुद्ध आहे असं होत नाही. नोंदीच्या जोडीला तपासणी लागते. पण नोंद असली की दोष कुठे आहे ते सापडतं, आणि पुढच्या वर्षी यादी सुधारता येते. नोंद नसेल तर सगळ्यांवर सारखाच ठपका येतो.

आता या आवाहनातला सगळ्यात गंभीर भाग.

हळदीला चकचकीत पिवळा रंग यावा म्हणून पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार आपल्या उपखंडात आहे. त्यात शिसं असतं. शिसं पोटात गेलं की सगळ्यात जास्त इजा लहान मुलांच्या मेंदूला होते, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. हळदीत शिशाची आपल्याकडची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग एवढी आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या शहरांतून हळदीचे नमुने घेतले होते. पाटण्यातल्या नमुन्यांत शिशाचं प्रमाण या मर्यादेच्या शंभर पटींहूनही जास्त निघालं. वर्ध्याच्या हळदीत असं काही सापडलं असं मी अजिबात म्हणत नाही. पण आपल्या हळदीत ते नाही, हे आपण विचारणाऱ्याला दाखवून देऊ शकतो का? माझी तळमळ या प्रश्नाची आहे.

हा रंग चोळण्याची सवय बांगलादेशात कशी लागली ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. १९८०च्या दशकात तिथे पूर आला, हळद नीट वाळेना, हळकुंडं काळपट पडली, आणि काळपट मालाला भाव मिळेना. मग कोणीतरी रंग चोळला. म्हणजे गोष्ट सुरू झाली ती ओल्या वाळवणापासून! आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट काय करते हे मी सांगायला नको. ताडपत्री ओढेपर्यंत वाळवण भिजतं. भिजलेल्या हळकुंडाचा रंग उतरतो. अशा वेळी "थोडं पॉलिश जास्त मारून देतो" म्हणणारा माणूस दारात उभा राहिला तर मोह कोणालाही होऊ शकतो.

बांगलादेशनं त्यावर उपाय काढला, तोही यंत्राच्या मदतीनं. हातात धरायचं एक्सआरएफ नावाचं यंत्र असतं. हळकुंडावर टेकवलं की त्यात शिसं आहे की नाही हे तिथल्या तिथे कळतं. २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर-बी ही संशोधन संस्था यांचा अभ्यास बाहेर आला. तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते यंत्र घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली, दोषी व्यापाऱ्यांना जागच्या जागी दंड केला, वर्तमानपत्रांतून आणि पत्रकांतून गावोगाव सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये ते शून्यावर आलं. दोन वर्षांत! गरीब शेतकऱ्यांच्या, छोट्या गिरण्यांच्या देशात हे झालं.

आता आपल्या युनिटमध्ये प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. आम्ही गेल्या हंगामात हे केलं. चुकत-माकत केलं, म्हणून कुठे चुकतं तेही सांगते.

कढईपाशी एक वही आणि एक मोबाइल. घाणा उतरला की त्याला नंबर. आमचा नंबर साधा आहे: शेतकऱ्याचा क्रमांक, तारीख, आणि त्या दिवशीचा कितवा घाणा. "१२-०५०२-३" म्हणजे बाराव्या शेतकऱ्याची हळद, पाच फेब्रुवारी, तिसरा घाणा. वही आधी, मोबाइल नंतर. वीज जाते, रेंज जाते, मोबाइलला हळदीचा हात लागून पडदा चालेनासा होतो. वहीला यातलं काही होत नाही. संध्याकाळी गटातली एक मुलगी वहीवरून संगणकाच्या तक्त्यात नोंद उतरवते आणि वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकते.

वाळवणावर एका घाण्याची हळद दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मधे हातभर जागा सोडायची आणि कडेला नंबरची पाटी ठेवायची. हे फार सोपं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. पावसाचा थेंब पडला की सगळे धावतात आणि हाताला येईल ते एकत्र ओढतात. गेल्या वर्षी आम्ही प्रत्येक घाण्याची ताडपत्री वेगळी ठेवली, तेव्हा कुठे हे आवरलं. भिजलाच एखादा घाणा, तर त्याच्या कट्ट्याला लाल सुतळी. लाल सुतळीचा कट्टा ओलावा मोजल्याशिवाय थप्पीत जात नाही. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. हळकुंडात १२ टक्क्यांहून जास्त आणि भुकटीत १० टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. पूर्वी आम्ही हळकुंड मोडून आवाजावर ठरवायचो. जुन्या माणसांचा कान खरा असतो, पण त्या कानाची नोंद राहत नाही, आणि नागपूरच्या दुकानदाराला तो आवाज ऐकवता येत नाही.

पॉलिशचा ढोल आणि गिरणी या दोन जागी माग तुटतो. ढोलात आणि गिरणीत आधीच्या मालाचं थोडंफार उरलेलं असतंच. म्हणून घाणा बदलला की ढोल झाडायचा, गिरणीचं जातं झटकायचं, लोखंडाचा कीस धरणारं चुंबक पुसायचं, आणि पहिली दोन-तीन किलो पूड बाजूला काढायची. ज्या गिरणीत मिरची-धणेही दळले जातात तिथे तर हे न चुकता. पॉलिश आणि दळण बाहेर करून घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपला माल ढोलात पडताना स्वतः तिथे उभे राहा, आणि त्यात पाण्याशिवाय व हळदीशिवाय दुसरं काहीही टाकलेलं नाही असं गिरणीवाल्याकडून पावतीवर लिहून घ्या. प्रामाणिक गिरणीवाल्याला त्यात राग येण्यासारखं काही नाही. उलट उद्या काही निघालं तर तोच त्यातून मोकळा होतो.

पुडीवर नंबर छापताना आम्ही पुन्हा फसलो. साध्या थर्मल कागदावर लेबलं छापली. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो. दुकानाच्या पुढच्या फळीवर ठेवलेल्या पुड्यांवरचे नंबर महिन्याभरात उडाले. आता रिबनवर छापणारं यंत्र आहे आणि ते नंबर टिकतात. लेबलावर क्यूआर कोडही टाकतो. मोबाइल त्याच्यासमोर धरला की गाव, घाण्याची तारीख आणि तपासणीचा कागद दिसतो. शेतकऱ्याचं नाव आणि फोन मात्र त्याच्या संमतीशिवाय टाकत नाही. ज्यांना आवडतं ते आनंदानं फोटोही देतात.

या सगळ्याला किती खर्च येतो असं विचारतात. क्विंटलभर चांगल्या हळदीच्या पैशात छोटं छपाईयंत्र आणि ओलावा मोजायचं यंत्र दोन्ही येतात. मोबाइल घरोघरी आहेच. याहून मोठी यंत्रसामग्री घ्यायची असेल तर २०२० पासून प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदानाची तरतूद आहे. कृषी कार्यालयात जाऊन विचारा. सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. ग्रामीण उद्योगांना तंत्रज्ञान देण्यासाठीच स्थापन झालेली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था वर्धा शहरात मगनवाडीत आहे. आपण तिथे जात नाही, ही आपली चूक आहे.

मगनवाडीचं नाव निघालंच आहे तर एक आठवण द्यावीशी वाटते. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीतून चाललं. ते चालवणारे जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये शिकून आलेले हिशेबतपासनीस होते. वस्तू विकत घेणारा माणूस त्या वस्तूमागच्या साऱ्या व्यवहाराला जबाबदार असतो, हा विचार त्यांनी आग्रहानं मांडला. ती वस्तू कोणी केली, कशी केली, कोणावर अन्याय करून केली, याकडे डोळेझाक करून ती घरात आणता येत नाही. हा विचार वर्ध्यात बसून मांडला गेला. त्याच वर्ध्यातली हळद "कुठून आली ठाऊक नाही" म्हणत बाजारात जावी, हे मला पटत नाही.

युनिट चालवणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे, आणि ते मला यंत्रांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नोंद ठेवणाऱ्या हातांचा विचार करा. कढईशी धुरात उभी राहणारी बाई, वाळवण फिरवणारी बाई, निवडणारी बाई, यांच्या हातून हळद जाते. नोंद त्यांच्या भाषेत आणि त्यांना जमेल अशी हवी. जिला लिहिता येत नाही तिला रंगीत सुतळी द्या, फोटो काढायला शिकवा. नोंदीत जाणारा वेळ मजुरीत धरा. आणि त्या नोंदीवरून कोणाची मजुरी कापू नका. "हा कट्टा ओला आहे" असं सांगणाऱ्या बाईला शिव्या मिळाल्या तर पुढच्या खेपेला ती गप्प बसेल, आणि मग तुमचं कुठलंही यंत्र तुम्हाला ते सांगणार नाही. आमच्या त्या मावशींनी भिजलेल्या कट्ट्यांचं मार्चमध्येच का सांगितलं नाही, हे मी त्यांना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणी विचारलंच नाही, बाई. आणि सांगितलं असतं तर कोण रागावलं नसतं?" आता लाल सुतळीचं काम त्यांच्याकडेच आहे.

दुकानदार भावांनो, माल उतरवून घेताना बिलावर नंबर लिहून मागा. तुमच्याकडे आलेला कुठला नंबर कुठल्या खोक्यात आहे एवढं तुम्ही लिहून ठेवलंत तरी एका फोनवर तेवढाच खोका बाजूला काढता येईल आणि बाकीची विक्री थांबणार नाही. सुटी हळद विकत असाल तर पोत्यावरची चिठ्ठी फेकू नका. पोतं संपेपर्यंत ती तिथेच टाचून ठेवा. नवी हळद जुन्या डब्यात वरून ओतू नका. डबा रिकामा होऊ द्या, पुसा, मग भरा.

घरातल्या बायांना काय सांगू? रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालू आहे. यंदा वाण म्हणून हळदीची पुडी लुटणार असाल तर ती उलटून बघा. चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का, बॅच नंबर आहे का, दळल्याची तारीख आहे का. नसेल तर ती पुडी घेऊ नका आणि का घेत नाही ते दुकानदाराला तोंडावर सांगा. घरी एक साधी तपासणी करता येते. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा हळद टाकून ढवळू नका, तशीच राहू द्या. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं दिसतं. पण या परीक्षेवर पूर्ण विसंबू नका, शिसं थोडं असेल तर ते पेल्यात दिसत नाही. शंका असेल तर कायद्याच्या कलम ४० प्रमाणे तुम्ही स्वतः शुल्क भरून विकत घेतलेल्या मालाची सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकता, आणि माल दोषी निघाला तर ते शुल्क परत मिळतं. अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १८००-११२-१००. हे दोन्ही नंबर देवघराच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

प्रशासनालाही माझी विनंती आहे. या हंगामात समुद्रपूर आणि हिंगणघाटच्या बाजारांत, पॉलिश सुरू असताना, एक्सआरएफ यंत्र घेऊन आठवड्यातून एकदा तरी या. धाड घालायला या असं मी म्हणत नाही. शेतकऱ्यांच्या समोर, त्यांच्या मालावर ते यंत्र टेकवून दाखवा. ज्याची हळद स्वच्छ निघेल त्याला लगेच तसा कागद द्या. तो कागद घेऊन तो भाव मागेल.

आणि शेतकरी दादांनो, भावाचंच बोलायचं तर आज तुमची सहा टक्क्यांवर कुरकुमिन असलेली हळद आणि दुसरीकडची तीन टक्क्यांची हळद अडत्याच्या ढिगात एकाच रंगाची दिसते आणि एकाच भावानं जाते. ढिगात पडली की तुमची मेहनत तिथेच संपली. नंबर लागला तर ती पुडीपर्यंत तुमच्या नावानं जाईल. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली नसेल तर तीही करून घ्या. एकेकट्यानं नाही जमलं तर दहा जणांनी मिळून करा.

येत्या रविवारी एक करून बघा. तुमच्या गावातल्या कुठल्याही दुकानातून तुमच्याच युनिटची एक पुडी विकत आणा आणि घड्याळ लावून बसा. त्या पुडीतली हळद कोणाच्या वावरातली, कोणत्या दिवशी शिजली, कुठे दळली आणि त्याच घाण्याच्या बाकीच्या पुड्या आज कुठल्या दुकानांत आहेत, हे किती वेळात सांगता येतं ते बघा. पहिल्या वेळी आम्हाला दोन दिवस लागले, तरी उत्तर पूर्ण मिळालं नव्हतं. गेल्या महिन्यात अर्ध्या तासात मिळालं.

आणि पहिली कढई चढेल त्या दिवशी, चुलाणाच्या बाजूच्या खांबाला एक खिळा ठोकून त्याला सुतळीनं वही आणि पेन बांधून ठेवा. पेन बांधायला विसरू नका, सुटं पेन पहिल्याच दिवशी हरवतं.